तेरा महिन्यांचं वर्ष

लोकांना वाटतं शिक्षकांना मुलांची काळजी असते. असते, पण सुट्ट्यांची त्याहून जरा जास्त असते. मी खापरच्या शाळेत शिकवते, आणि एप्रिलच्या एका बुधवारी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासता तपासता माझा डोळा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होता. मी आखाजी शोधत होते.

बाकी महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो, ती आमची आखाजी. तिकडे लोक त्या दिवशी आमरस खातात न् सोनं घेतात. आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गळा बसेपर्यंत गाणी म्हणतात, आणि चार दिवस त्यांना कुणी कामाला हात लावू देत नाही. माझं माहेर तापीकाठी. खापरहून तिथे जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या रजेत झोकाही धड होत नाही. मागच्या वर्षी आखाजी एप्रिलात, ऐन परीक्षेत आली होती. सकाळी गेले, पुरणपोळी खाल्ली, दुपारी परत निघाले. त्याचा राग मी वर्षभर धरला होता.

यंदा मात्र ती मे महिन्यात दिसली, शाळेला सुट्टी लागल्यावर. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाले, "बघा, यंदा आखाजीने माझं ऐकलं!"

त्या पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं कसलं ऐकते ती? मधे धोंड्याचा महिना येऊन गेला ना, म्हणून सगळे सण पुढे सरकले."

खरंच की. मागच्या पावसाळ्यात अधिक श्रावण होता. माझ्या नवऱ्याला माहेरी बोलावून धोंडे खाऊ घातले होते आणि तो दोन दिवस पोट धरून निजला होता. मी हसले. पुढच्या क्षणी हातातला लाल पेन तसाच राहिला. मला फुईचा कागद आठवला.

फुई म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची, आप्पांची, धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला, पदरात मूल नाही, तेव्हा ती माहेरी परत आली. त्या वेळी माझ्या आजोबांनी गावाच्या कडेला, नाल्याशेजारची अर्धा एकर जागा तिला दिली. फुईने तिथे दोन खणांचं घर उभं केलं. वांगी लावली, शेळ्या पाळल्या, मोसमात मिरच्या वाळत घातल्या आणि त्यांचा मसाला कुटून पंचक्रोशीत विकला. आमच्या घरी ती सणावाराला राबायला यायची, पण जेवणाच्या ताटासाठी कधी आली नाही. चाळीसहून जास्त वर्षं ती त्या अर्ध्या एकरावर स्वतःच्या हातावर जगली.

मग मोजणी झाली आणि नकाशात ती जागा नाल्याकाठची सरकारी पड निघाली. फुईने आजोबांचा अंगठा असलेला जुना कागद दाखवला. रीतसर चौकशी झाली आणि निकाल लागला की जागा शासनाची. निकालाची नक्कल त्याच दिवशी फुईच्या हातात दिली गेली. पंचायतीला तिथे पाण्याची टाकी बांधायची होती. टाकीला माझा विरोध नाही, पाणी मीही पिते. पण गावात दुसरी जागा नव्हती असं नाही.

आप्पा तेव्हा नंदुरबारच्या वकिलांकडे जाऊन आले होते. वकील म्हणाले, "काळजी करू नका. सरकारने जमीन स्वतःची ठरवली तरी दिवाणी कोर्टात दावा लावता येतो. फक्त निकालाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत." आप्पांनी मान डोलावली, घरी येऊन बहिणीला सांगितलं, "मी शे ना," आणि विषय संपला. फुईने पुन्हा विचारलं नाही. भाऊ आहे म्हणाला, म्हणजे आहे.

घोळ एवढाच होता की आप्पांचं वर्ष आखाजी ते आखाजी असतं. आमच्याकडे सालदार आखाजीला कामावर लागतो आणि पुढच्या आखाजीला त्याचं साल पुरं होतं. शेत बटाईने द्यायचं ते आखाजीपासून. घरात कुणाचं वय काढायचं तरी "तो दुष्काळानंतरच्या आखाजीले व्हयना" अशा हिशोबाने. निकाल लागला होता मागच्या आखाजीनंतर चौथ्या दिवशी. म्हणजे आप्पांच्या मते मुदत या आखाजीनंतर चौथ्या दिवसापर्यंत. पण मधे धोंड्याचा महिना घुसला होता, आणि ते वर्ष तेरा महिन्यांचं झालं होतं. मी बोटांवर मोजलं, मग वहीत मोजलं, मग बाईंना मोजायला लावलं. कॅलेंडरप्रमाणे वर्ष दोन दिवसांनी, शुक्रवारी संपत होतं.

व्हरांड्यात जाऊन मी फोन लावला.

"आप्पा, फुईना दावानं काय कयं?"

"करसूत ना. आखाजीले लावसूत. साडेतीन मुहूर्तमाना मुहूर्त शे."

माझं डोकंच फिरलं. अक्षय्य तृतीयेला सुरू केलेली गोष्ट अक्षय होते म्हणतात. त्या दिवशी लावलेला कोर्टातला दावा अक्षय झाला तर तो माझ्या नातवंडांना चालवावा लागेल, एवढं तरी या माणसाला कळावं! पण ते बोलायला वेळ नव्हता.

"आप्पा, मुदत शुक्रवारले सरी ऱ्हायनी. मांगला वरीसमा धोंडाना महिना व्हता."

"मंग? धोंडाना महिना वरीसमा कोन्ही धरस का? तो वरना शे."

"सरकार धरस!"

"तू मास्तरीण शे, वकील नही," असं म्हणून आप्पांनी फोन ठेवला.

मी मुख्याध्यापकांकडे रजा मागितली. त्यांनी पेपरांचा गठ्ठा दाखवला. मी गठ्ठा उचलून पिशवीत टाकला आणि म्हटलं, एसटीत तपासते. तपासले नाहीत, ते सोडा.

गुरुवारी सकाळी पहिली गाडी धरून मी माहेरी पोचले, तर आप्पा ओट्यावर पंचांग मांडीवर घेऊनच बसले होते. रात्रभर विचार केला असणार, पण कबूल करायचं नाही हा आमच्या घराण्याचा धर्म आहे. मला बघताच त्यांनी पंचांगावर बोट ठेवलं आणि आखाजीचा दिवस दाखवला. मी पर्समधून छोटं कॅलेंडर काढून निकालाची तारीख दाखवली. ते म्हणाले, मन्हा बाप बी असाच मोजे. मी म्हणाले, तुमच्या बापावर सरकारने कधी निकाल दिला नव्हता. ते म्हणाले, तोंड सांभाळीसन बोल. आवाज इतका चढला की माय आतून ओरडली, हळू बोला, शेजाऱ्यांना कशाला फुकटचा तमाशा.

फुई तोवर येऊन खांबाला टेकून उभी होती. आमचं दोघांचं भांडण तिने शांतपणे ऐकून घेतलं. खरं तर ते तिच्याच घराबद्दल चाललं होतं, आणि आम्ही दोघांनी तिला बस म्हणूनही म्हटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "भाऊ, धोंडाना महिना कसाले ऱ्हास? जवाईले धोंडा खावाडाले. सरकारले जवाई नही शे. मंग त्याना घर धोंडाना महिना कसाले येई?"

माय आतून खुदकन हसली, मी हसले, आणि आप्पांनी पंचांग मिटलं. चार पिढ्यांच्या हिशोबापुढे माझा कायदा चालला नव्हता, पण जावयाचा मुद्दा चालला. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "कागद काढ."

कागद फुईकडे होते. ती आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली आणि मिरच्यांच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून प्लास्टिकची एक पिशवी बाहेर काढली. मी म्हटलं, फुई, हे काय? ती म्हणाली, वाळवी नाही लागत, उंदीर नाही येत आणि चोर हात घालत नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. कागद नवे करकरीत होते. फक्त पिशवी सोडली तशा आम्हाला तिघांनाही शिंका सुटल्या.

दुपारी आम्ही नंदुरबारला वकिलांच्या कचेरीत होतो. त्यांनी निकाल उलगडला, दोन वेळा शिंकले आणि तारीख वाचून खुर्चीत ताठ बसले. "आप्पा, तुम्ही फाल्गुनात येणार होता ना?"

"आखाजीना आधी येसू म्हनेल व्हतू," आप्पा म्हणाले. "अजून पंधरा दिवस शेतस."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मी तेव्हाच पेपरांच्या गठ्ठ्यावर लिहून घेतलं, शिक्षकी सवय. कायद्यातलं वर्ष हे इंग्रजी कॅलेंडरचं, त्यात तिथी नाही, अधिक मास नाही. वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायला उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, पण कोर्टातल्या दाव्याला ती सोय नाही. आणि ही एक वर्षाची मुदत तर अशी कडक, की सरकारी वकील गप्प बसला तरी न्यायाधीश स्वतःच तारीख बघून दावा काढून टाकतात.

"म्हंजे शनवारले उनूत तर?" आप्पांनी विचारलं.

"शनिवारी आलात तर मी तुम्हाला चहा पाजेन," वकील म्हणाले. "दुसरं काही करता येणार नाही."

मी आप्पांकडे पाहिलं नाही. माझ्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. फुई मात्र शांत होती. ती वकिलांना म्हणाली, आज गुरुवार आहे ना, मग लिहा की.

आणखी एक अडचण निघाली. सरकारवर दावा करायचा तर दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती कुणी दिलीच नव्हती. फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो. टाकीच्या खड्ड्याची आखणी चुन्याने झालेली होती, तीच आता आमच्या कामाला आली. मागच्या खेपेला मी मोबाइलमध्ये तिचा फोटो काढलेला होता. फुईच्या अंगणात, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या बरोबर मधून पांढरी रेघ गेलेली. तेव्हा मी तो रागाने काढला होता. वकिलांनी तो बघितला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

संध्याकाळपर्यंत टायपिंगवाल्याच्या दुकानात आम्ही बसलो. तो विचारायचा, फुई सांगायची. जमिनीच्या चार बाजू लिहायच्या होत्या. पूर्वेला काय? फुई म्हणाली, निंबाचं झाड, ते मी लावलं. पश्चिमेला? नाला. दक्षिणेला? भावाचं शेत. उत्तरेला? ती म्हणाली, उत्तरेले गाव. टाइप करणाऱ्याला गट नंबर हवे होते, ते मी कागदातून काढून दिले. पण फुईचं उत्तर मला जास्त बरोबर वाटलं. तिच्या जगाला खरोखरच त्या चार बाजू होत्या, आणि ती चाळीस वर्षं मधोमध उभी होती.

शुक्रवारी आम्ही कोर्ट उघडायच्या आधीच दारात होतो. फुईने ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसलं होतं. दावे दाखल करून घेणाऱ्या कारकुनाने गठ्ठा हातात घेतला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि जो ठसका लागला तो थांबेचना. शेजारच्या टेबलावरचा माणूस पाणी घेऊन धावला, तर तोही शिंकला. खोलीतले सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. वकिलांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "साहेब, पक्षकार मसाला करतात." कारकून डोळे पुसत म्हणाला, "मग कागदाला कशाला फोडणी दिली?"

तरी त्याने काम चोख केलं. प्रत्येक पान तपासलं, नकाशाच्या एका प्रतीवर सही राहिली होती ती करून घेतली. मग निकालाची तारीख बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "शेवटचा दिवस आहे. माहीत होतं ना?"

"व्हतं," फुई म्हणाली. "काल समजनं."

दुपारी न्यायाधीशांपुढे परवानगीचा अर्ज निघाला. त्यांनी फोटो पाहिला, चुन्याच्या रेघेबद्दल दोन प्रश्न विचारले आणि परवानगी दिली. दावा दाखल झाला. तारखेचा शिक्का कागदावर बसला तेव्हा फुईने वाकून नीट बघितलं, उमटला की नाही. मी इतकी वर्षं शाळेत शिक्के मारते. हजेरीवर, दाखल्यावर, पोषण आहाराच्या पोत्यांच्या पावत्यांवर. पण एखाद्या शिक्क्याकडे बघून रडू यावं असं मला पहिल्यांदाच झालं. मी पदराने डोळे पुसले आणि मिरचीवर ढकललं.

परतीच्या एसटीत फुई खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. आप्पा माझ्या शेजारी बसले होते. गाडीने प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडला. तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "मी चुकनू."

माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, पेपर तपासायला मदत करा. त्यांनी खरंच चौथीच्या गणिताचे दोन पेपर घेतले, आणि दोन्ही पोरांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. ते मला नंतर दुरुस्त करावे लागले.

दावा अजून चालू आहे. कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीच्या आधी 'जैसे थे'चा हुकूम मिळाला, म्हणजे निकाल लागेपर्यंत जागेला कुणी हात लावायचा नाही. पंचायतीने टाकी गावच्या शाळेच्या मागे बांधायला घेतली. चुन्याची रेघ फुईने स्वतः झाडून टाकली आणि त्या जागी मेथी पेरली. वकील सांगतात, आपली बाजू चांगली आहे. मी त्यांना विचारते, किती वर्षं लागतील? ते विचारतात, कुठली वर्षं, तुमची की आमची?

मग ती उशिराची आखाजी आली. मी नवऱ्याला खापरला ठेवून चार दिवस आधीच माहेरी गेले होते. सणाच्या पहिल्या दिवशी सकाळी आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी झटकून घातली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि पायात वहाणा सरकवल्या. मायने विचारलं, कुठे निघालात?

"बहीणले आनाले जास."

आमच्याकडे आखाजीसाठी बहिणीला सासरहून आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ मुऱ्हाळी होऊन येतो, तिकडे त्याला बसवतात, चहापाणी करतात, आणि मग बहीण गाठोडं घेऊन त्याच्यामागे निघते. मला न्यायला आधी आप्पा यायचे, नंतर भाऊ यायला लागला. फुईला न्यायला मात्र कधीच कुणी गेलं नव्हतं. ती इथेच होती. चाळीस आखाज्या ती आमच्या चुलीपुढे बसून दुसऱ्यांच्या लेकींसाठी मांडे भाजत होती, आणि यात काही चुकतंय हे आमच्यापैकी एकालाही कधी दिसलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मी स्वतःला मोठी शहाणी समजते.

मी आप्पांच्या मागोमाग गेले. आमच्या ओट्यापासून फुईचं दार दोनशे पावलांवर आहे. आप्पा अंगणाच्या कडेला, कुडाबाहेरच थांबले. एरवी ते हाक मारत सरळ आत शिरतात.

फुई शेळीला पाला टाकत होती. तिने मान वळवून विचारलं, "काय रे भाऊ?"

"आखाजी शे," आप्पा म्हणाले. "तुले लेवाले उनू."

फुई त्यांच्या स्वच्छ धोतराकडे बघत राहिली. पाल्याचा भारा तिच्या हातातच होता. मग तिने तो खाली ठेवला, आप्पांना ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, चुलीवर चहा टाकला. सगळं रीतीप्रमाणे, घाई न करता. आत जाऊन तिने हातपाय धुतले, कोरं पातळ नेसलं आणि दुसरं एक पातळ घडी करून फडक्यात बांधलं. दोनशे पावलांसाठी गाठोडं!

चहा संपवून आप्पा उठले आणि चालू लागले. फुई त्यांच्यामागे चार पावलं गेली आणि थांबली.

"भाऊ, थांब जरासा," ती म्हणाली. "मन्हा घरले कडी लाई येस."